घरी आरटी फीड : उन्हाळ्यात वडिलांना अन्न आणि पाणी नेमके किती द्यावे?

वऱ्हाडकर (अकोला)

माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. फेब्रुवारीत त्यांना पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि गिळणे जवळजवळ बंद झाले. रुग्णालयातून घरी सोडताना नाकातून पोटात जाणारी नळी, म्हणजे राईल्स ट्यूब (आरटी), अन्न देण्यासाठी तशीच ठेवली आणि कागदावर ‘दिवसातून सहा वेळा २०० मिली आरटी फीड’ एवढेच लिहून दिले. फीड कशाचे करायचे, पाणी त्यातच धरायचे की वेगळे द्यायचे, याबद्दल त्या कागदावर एक अक्षरही नाही.

सध्या आम्ही सकाळी सहाला दूध-साखर, नऊला तांदळाची पातळ पेज, बाराला वरणाचे पाणी, चारला शहाळ्याचे पाणी, सातला पुन्हा वरणाचे पाणी आणि रात्री दहाला दूध-साखर देतो. प्रत्येक फीडनंतर नळी धुण्यापुरते साधारण २० मिली पाणी सोडतो. सगळेच पातळ असल्यामुळे पाणी पोटात भरपूर जाते, असे आईचे म्हणणे आहे. पण लघवीच्या पिशवीत चोवीस तासांत जेमतेम ६०० मिली जमा होते, तीही गडद पिवळी, आणि शौचाला तीन-चार दिवस होत नाही. इथे पारा ४४ अंशांवर गेला आहे, कूलर दिवसभर चालू असतो आणि बाबा सारखी जीभ ओठांवरून फिरवत असतात. माकडहाडाच्या जागी कातडी लालसर दिसू लागली आहे.

घरी सोडले तेव्हा त्यांचे वजन ६० किलो होते. मधुमेह नाही, मूत्रपिंड आणि हृदयाचे तेव्हाचे अहवाल ठीक होते. रक्तदाबाची, रक्त पातळ ठेवण्याची आणि आम्लपित्ताची गोळी आम्ही एकत्र कुटून देतो. नाचणीची आंबील दिली की नळी तुंबते, म्हणून ती बंद केली आहे. बाजारातील तयार पावडरीवर सर्वस्वी अवलंबून राहणे आम्हाला परवडणारे नाही. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

आहारसल्लागार (नाशिक)

आपण सगळे तपशील दिलेत, त्यामुळे हिशेब मांडता येतो. तो मांडून मग आपल्या डॉक्टरांना दाखवावा, कारण रक्ताचे ताजे अहवाल त्यांच्यासमोर असतील.

आधी पाणी. मूत्रपिंड आणि हृदय ठीक असलेल्या प्रौढ माणसाला दिवसाला दर किलो वजनामागे साधारण ३० मिली पाणी लागते, म्हणजे आपल्या वडिलांना १८०० मिली. फीड पातळ दिसले तरी ते सगळेच पाणी नसते. दूध किंवा नीट ताकदीचे फीड घेतले, तर त्यातला ८० ते ८५ टक्के भागच पाण्याचा असतो. आपले फीड फार पातळ असल्याने ते जास्तीत जास्त ११०० मिलीपर्यंत धरू. धुण्याचे पाणी १२० मिली मिळवले तरी १८०० मिलीला जवळजवळ सहाशे मिली कमी पडतात, आणि हा आकडा सामान्य हवामानाचा आहे. अकोल्याच्या उन्हात घाम आणि श्वासावाटे जाणारे पाणी याहून अधिक असते. गडद लघवी, कोरडी जीभ आणि बद्धकोष्ठता या तिन्ही गोष्टी त्याच तुटीतून आलेल्या दिसतात.

मात्र मला पाण्याहून जास्त काळजी अन्नाची वाटते. ६० किलोच्या माणसाला दिवसाला १५०० ते १८०० कॅलरी आणि किमान ६० ते ७० ग्रॅम प्रथिने हवीत. कातडी लाल होऊ लागली असेल तर प्रथिने आणखी वरच्या बाजूला न्यावीत. आपण देत आहात त्यात दोन वेळच्या गाईच्या दुधातून साखरेसह साडेतीनशेच्या आसपास कॅलरी आणि तेरा ग्रॅम प्रथिने मिळतात. पेज, शहाळे आणि वरणाचे पाणी मिळून आणखी दोनशे कॅलरी भरल्या तरी पुष्कळ. याचा अर्थ गरजेच्या एक तृतीयांशावर त्यांचे दिवस चालले आहेत. वरणाच्या पाण्याला आपल्याकडे उगाच मोठा मान आहे. डाळ भांड्याच्या तळाशी राहते आणि वरचे निवळ पाणी आजाऱ्याच्या वाट्याला येते. डाळच द्यायची, शिजवून, वाटून आणि गाळून.

घरी जमेल असे एक फीड सांगतो. २०० मिली उकळलेले दूध, त्यात साय काढलेल्या दुधाची पावडर २० ग्रॅम, दोन चमचे साखर, एक चमचा तेल आणि मोड आणून वाळवलेल्या धान्याचे शिजवलेले पीठ १० ग्रॅम. हे साधारण २५० मिली होते आणि त्यातून सुमारे ३२० कॅलरी व १४ ग्रॅम प्रथिने मिळतात. असे तीन वेळा. दोन वेळा मूगडाळ २० ग्रॅम आणि तांदूळ १५ ग्रॅम एकत्र मऊ शिजवून, चिमूटभर मीठ आणि एक चमचा तेल घालून, मिक्सरमधून काढून वस्त्रगाळ केलेले २५० मिली. घरात चालत असेल तर त्यातल्या एकात पूर्ण उकडलेले अंडे वाटून घालावे. कच्चे अंडे कधीही नको. सहाव्या वेळी तयार पावडरीचे फीड द्यावे, म्हणजे जीवनसत्त्वे आणि खनिजे यांची जी उणीव घरच्या फीडमध्ये राहते ती काही अंशी भरून निघते आणि डबाही बरेच दिवस पुरतो. बेरीज सोळाशे कॅलरी आणि सत्तरच्या आसपास प्रथिने इथपर्यंत जाते.

हे सगळे उद्यापासून एकदम सुरू करू नका. कित्येक आठवडे अर्धपोटी राहिलेल्या शरीरावर अचानक पूर्ण आहाराचा मारा केला, तर रक्तातील फॉस्फरस, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने उतरू शकतात आणि ते हृदयाला धोक्याचे असते. म्हणून आधी डॉक्टरांकडून सोडियम, पोटॅशियम, फॉस्फरस आणि क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचे काम कळते) तपासून घ्या आणि त्यांच्या देखरेखीखाली पाच-सहा दिवसांत टप्प्याटप्प्याने वाढवत न्या.

नव्या फीडमधून सुमारे १२०० मिली पाणी जाईल. उरलेले ६०० मिली असे बसवा : प्रत्येक फीडच्या आधी ३० आणि नंतर ३० मिली, याचे ३६० झाले, बाकीचे दोन फीडच्या मधल्या वेळेत सव्वाशे-सव्वाशे मिली करून दोनदा. उन्हाळ्यापुरते आणखी तीन-चारशे मिली डॉक्टरांच्या संमतीने वाढवता येईल. पाणी वाढवताना मिठाकडेही लक्ष हवे. बिनमिठाच्या फीडवर नुसते पाणी ओतत राहिले तर सोडियम खाली जाते आणि वृद्ध माणूस गुंगीत जातो. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असते, तेव्हा क्रिएटिनिन वाढलेले असेल तर ते बंद. नसेल तर चालेल, पण त्याला फीडची जागा देऊ नये. वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी हृदयविकाराचा किंवा मूत्रपिंडाचा रुग्ण असेल, तर वरचा ३० मिलीचा हिशेब त्यांनी उचलू नये. त्यांच्यासाठी पाण्याची मर्यादा डॉक्टरच ठरवतात.

पंचगंगा (कोल्हापूर)

माझ्या दिरांच्या तोंडाच्या कर्करोगाचे उपचार मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात झाले, तेव्हा आम्ही दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत मुक्कामाला होतो. नळीच्या आहाराचे बरेचसे व्यवहारज्ञान मला तिथे इतर रुग्णांच्या नातेवाइकांकडून मिळाले, म्हणून नाचणीबद्दल लिहिते.

नाचणी बंद करण्याचे कारण नाही, दादा. अडचण पिठाची आहे. साध्या पिठाची आंबील निवली की आळते आणि नळीत बसते. ती पातळ करावी तर पाणीच जास्त आणि अन्न कमी. यावर उपाय म्हणजे नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, कडक वाळवून मंद भाजायची आणि दळून वस्त्रगाळ करायची. मोड येताना धान्यात जो पाचकरस तयार होतो तो पिष्ट तोडतो, त्यामुळे तेवढ्याच पिठाची पेज कितीतरी सैल राहते. भाजताना मात्र हात आखडता ठेवावा, करपवले की तो गुण जातो. तांदळाची किंवा कणकेची घट्ट पेज झाली असेल, तर ती गॅसवरून उतरवून थोडी निवल्यावर, पण गरम असतानाच, त्यात हे मोडाचे पीठ एक चमचा कालवावे. पाच-दहा मिनिटांत पळी उभी राहील अशी पेज धारेने पडू लागते. मग तिला पुन्हा एक उकळी काढायची, कारण मोडाच्या धान्यात जंतू असू शकतात. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात लहान मुलांच्या आहारासाठी या पिठावर पुष्कळ काम झालेले आहे. आम्हा घरच्यांना ते नळीसाठी उपयोगी पडले.

गाळण्याच्या बाबतीत चहाच्या गाळणीवर विसंबू नये. धुतलेले, उकळत्या पाण्यातून काढलेले मलमलचे फडके वापरावे आणि ते रोज बदलावे. फीड एका वेळेपुरते किंवा फार तर दिवसापुरते करावे, लगेच फ्रिजमध्ये ठेवावे आणि चोवीस तासांनंतर उरलेले टाकून द्यावे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बाहेर ओट्यावर ठेवलेले दुधाचे फीड दोन तासांनंतर देऊ नये, वासाला चांगले असले तरीही. फ्रिजमधले फीड देण्याआधी वाटी कोमट पाण्यात ठेवून खोलीच्या तापमानावर आणावे. पुष्कळदा ‘फीड सोसत नाही, जुलाब होतात’ अशी तक्रार असते आणि दोष भांड्याचा, सिरिंजचा किंवा हातांचा असतो. सिरिंजचा दट्ट्या काढून साबणाने धुवावा. त्याच्या रबराखाली दुधाचा थर साचतो तो वरून दिसत नाही.

नळी तुंबलीच तर कोमट पाणी भरून मोठ्या सिरिंजने हलकेच पुढे-मागे करावे आणि न सुटल्यास पाणी तसेच ठेवून वीस-तीस मिनिटांनी पुन्हा पाहावे. कोणी शीतपेय घालायला सांगितले तर घालू नये. त्यातल्या आम्लाने दूध नळीतच फाटते. तार तर मुळीच नको. आणि बद्धकोष्ठतेवर उपाय म्हणून इसबगोल नळीतून कधीही देऊ नका. ते फुगून नळीचे बूच होते आणि मग नळीच बदलावी लागते.

रात्रपाळी (पुणे)

मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. आहाराचे वर सविस्तर आलेच आहे. मला गोळ्यांबद्दल आणि फीड देण्याच्या पद्धतीबद्दल सांगायचे आहे.

तीन गोळ्या एकत्र कुटून देणे आजच थांबवावे. आम्लपित्ताच्या पँटोप्राझोलसारख्या गोळीवर आतड्यात विरघळणारे आवरण असते. कुटल्यावर ते मोडते आणि औषध पोटातल्या आम्लातच वाया जाते. ॲस्पिरिनच्या पुष्कळ गोळ्यांवरही तसेच आवरण असते. रक्तदाबाच्या गोळीच्या नावापुढे एसआर, एक्सआर, एक्सएल, ईआर किंवा सीआर अशी अक्षरे असतील, तर ती दिवसभर हळूहळू सुटण्यासाठी बनवलेली आहे. कुटली की सगळा डोस एकदम रक्तात येतो आणि दाब कोसळू शकतो. गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन डॉक्टरांकडे जा आणि पाण्यात विरघळणारे किंवा पातळ पर्याय मागा. स्वतःहून गोळी बंद मात्र करू नका. प्रत्येक औषध वेगळे, पाण्यात पूर्ण विरघळवून द्यावे, दोन औषधांमध्ये १५ मिली पाणी सोडावे आणि औषध फीडमध्ये मिसळू नये. फिट्ससाठी फेनिटॉइन चालू असलेल्यांनी फीड आणि औषध यांत एक-दोन तासांचे अंतर ठेवण्याबद्दल विचारून घ्यावे, कारण फीडसोबत ते नीट शोषले जात नाही. ही सगळी अंतरे लक्षात घेऊन पाण्याच्या वेळा ठरवल्या की औषधाचे पाणीही हिशेबात धरले जाते.

फीड देताना पलंगाची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचललेली हवी आणि नंतरही पाऊण-एक तास तशीच ठेवावी. उशा कोंबून मान पुढे झुकवणे म्हणजे डोके उचलणे नव्हे. कमरेपासून वरचा भाग उचलला गेला पाहिजे. सिरिंज ५० मिलीची वापरा. लहान सिरिंजने दाब फार वाढतो आणि नळी फाटू शकते. दट्ट्या काढून टाका, नळी बोटांनी दाबून धरा, सिरिंजच्या नळकांड्यात फीड ओता, ते पोटाच्या पातळीपेक्षा साधारण फूटभर उंच धरा आणि मग बोटे सैल करा. फीड आपल्या वजनाने उतरू द्यावे. २५० मिलीला पंधरा-वीस मिनिटे लागली तर बरोबर आहे. ब्यूरोतून आलेला मदतनीस दोन मिनिटांत दट्ट्याने ढकलत असेल तर त्याला थांबवा. मधेच खोकला आला, धाप लागली किंवा ओठ निळसर दिसले, तर नळी दाबून फीड तत्काळ बंद करावे आणि त्रास थांबत नसेल तर रुग्णालय गाठावे.

नाकपुडीपाशी नळीवर जो सेंटिमीटरचा आकडा येतो, तो मार्करने खूण करून भिंतीवर लिहून ठेवा आणि प्रत्येक फीडपूर्वी पडताळा. खूण बाहेर सरकली असेल, नळी तोंडात वेटोळी दिसत असेल किंवा आवाज एकाएकी घोगरा झाला असेल, तर काहीही आत सोडू नये, साधे पाणीसुद्धा नाही. नळी निघून आली तर घरी परत घालू नये. चिकटपट्टी रोज बदलावी आणि नळीचा ताण नाकपुडीच्या एकाच कडेवर राहू देऊ नये, तिथे जखम होते.

माकडहाडाच्या लालसर जागेसाठी दर दोन तासांनी कूस बदलणे आणि हवेची गादी आवश्यक आहे. दाबाने होणारी जखम (बेडसोअर) नुसत्या आहाराने थांबणार नाही.

सातासमुद्रापार (लेस्टर)

वरच्या ताईंच्या सूचनेला एक जोड. भारतात अजूनही पुष्कळ ठिकाणी सिरिंजने हवा सोडून स्टेथोस्कोपने पोटावर आवाज ऐकतात आणि नळी जागेवर आहे असे मानतात. मी इथे ब्रिटनमध्ये समुदाय परिचारिका म्हणून काम करते. इथे ही पद्धत बाद झालेली आहे, कारण नळी फुप्फुसात असली तरी तसाच आवाज येऊ शकतो. आम्ही नळीतून थोडा द्राव ओढून पीएच कागदावर, म्हणजे आम्लता दाखवणाऱ्या कागदावर, पाहतो आणि आकडा १ ते ५.५ च्या दरम्यान असेल तरच फीड देतो. शंका राहिल्यास एक्स-रे काढतात. हे कागद भारतात वैद्यकीय साहित्याच्या दुकानांत मागवता येतात. आम्लपित्ताची गोळी चालू असेल तर आकडा वर जाऊ शकतो, त्यामुळे तो कसा वाचायचा हे आधी डॉक्टरांना विचारावे.

दुसरे असे की नळीचा आहार चार ते सहा आठवड्यांहून अधिक काळ लागणार असे दिसत असेल, तर पोटावरून थेट जठरात बसवायच्या नळीचा, म्हणजे पेगचा, विचार करावा असे युरोपातील मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. १९८० साली ही पद्धत प्रथम प्रसिद्ध झाली आणि तिला मोठ्या शस्त्रक्रियेची गरज नसते, दुर्बिणीच्या साहाय्याने ती बसवतात. नाक मोकळे होते, नळी जाड असल्याने तुंबणे कमी होते आणि रुग्ण ती सहसा उपसत नाही. अन्न वर येऊन श्वासनलिकेत जाण्याचा धोका मात्र त्याने पूर्ण जात नाही, तेव्हा डोके उंच ठेवण्याचा नियम तसाच राहतो. पेग अपघाताने निघाली तर मात्र ताबडतोब निघावे लागते, कारण पोटावरचे छिद्र काही तासांतच आक्रसू लागते.

वऱ्हाडकर (अकोला)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रक्त तपासले. सोडियम १४८ आले, कागदावरची वरची मर्यादा १४५ आहे. क्रिएटिनिन आणि पोटॅशियम ठीक आहेत. डॉक्टरांनी सगळे मिळून २२०० मिली पाण्याला मान्यता दिली, आठवड्याने पुन्हा तपासायला सांगितले आणि दोन गोळ्या बदलून दिल्या. फीड हळूहळू वाढवत आहोत. लघवी आता फिकट झाली आहे. पेगबद्दल पोटविकारतज्ज्ञांची वेळ घेतली आहे.

एकच प्रश्न उरला. बाबा आईच्या कपाकडे पाहून खूण करतात आणि आईला वाटते की चमचाभर चहाने काय बिघडणार आहे. खोकला आला नाही तर समजावे का, की त्यांना गिळता येते?

रात्रपाळी (पुणे)

नाही, तसे समजू नये. पक्षाघातानंतर घशाची संवेदना मंदावते, त्यामुळे घोट श्वासनलिकेत गेला तरी पुष्कळ रुग्णांना खोकलाच येत नाही; काही दिवसांनी ताप आणि छातीत घरघर सुरू झाल्यावर कळते. त्यात चहासारखा पातळ पदार्थ सांभाळायला सर्वांत अवघड असतो. तो वेगाने घरंगळतो आणि घशाला झाकण लावायला सवड मिळत नाही. म्हणून काकूंना सांगा की चहा द्यायचाच आहे, पण आधी गिळण्याची तपासणी करून घेऊ.

ही तपासणी गिळण्याच्या उपचारांचा अनुभव असलेले वाचा-उपचारतज्ज्ञ करतात. गरज पडल्यास नाकातून बारीक दुर्बीण घालून किंवा बेरियम मिसळलेले घास देऊन एक्स-रेवर गिळताना प्रत्यक्ष पाहतात. पक्षाघाताच्या अनेक रुग्णांचे गिळणे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारते, तेव्हा पेग बसवण्याआधीच ही भेट झाली तर पुढचा निर्णयही सोपा होईल. पुष्कळदा सुरुवात दाटसर केलेल्या पदार्थाच्या अर्ध्या चमच्याने होते आणि तेव्हाही पोषणाचा मुख्य भार नळीवरच असतो.

तोपर्यंत जिभेच्या कोरडेपणासाठी तोंडाची निगा राखा. तोंडाने खात नसले तरी दात आणि जीभ दिवसातून दोनदा मऊ ब्रशने, अगदी थोड्या पाण्यात, डोके उंच आणि मान एका बाजूला वळवून स्वच्छ करावी आणि जमेल तेवढा ओलावा टिपून घ्यावा. मधल्या वेळेत गार पाण्यात बुडवून घट्ट पिळलेला गॉझचा तुकडा ओठांवरून आणि जिभेवरून फिरवावा. हे काम काकूंकडेच द्या.